पट्टे पसरले, पिसं सुटली: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. आमच्या पंचवटीतल्या वर्गात शिकून तुम्ही घरी सहा लाकडी बाण केलेत. बाणांवरच्या पट्ट्यांचा रंग पसरला, पॉलिश पांढुरकं पडलं, दोन पिसं सुटली आणि ‘स्वस्तातलं पॉलिश गळ्यात मारलं’ असं तुम्ही लिहिलंय. तुमची मेहनत फोटोत दिसते, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

पट्टे तुम्ही परमनंट मार्करने काढलेत. ती शाई स्पिरिटने सुटते आणि लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच कालवलेलं असतं. त्यामुळे ब्रश फिरताच लाल रंग खाली पसरला. हे आम्ही दिलेल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ही चूक आमची, आणि कागद आता बदललाय. पट्ट्यांसाठी ऑइल पेंटची सगळ्यात छोटी डबी घ्या, रविवार कारंज्यावर सहज मिळेल. आधी लाखेचा एक पातळ हात, मग पट्टे, ते पूर्ण वाळले की वरून शेवटचा हात. पावसाळ्यात पट्ट्यांना दोन दिवस द्याच. पट्टे काढताना बाणाची काडी फिरवायला वर्गात ड्रिल मशीन एकच होतं, तुमचा नंबर लागला नाही, त्याचीही माफी मागतो. घरी चपलांच्या खोक्याच्या दोन्ही बाजूंना खाचा पाडा, काडी त्यावर ठेवून बोटांनी फिरवा आणि ब्रश एका जागी धरा. पट्टा सरळ येतो.

पांढुरकेपणा दमट हवेमुळे आला. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं आणि ओल थरात अडकते. कोरड्या दिवशी कापडाला जेमतेम स्पिरिट लावून हलका हात फिरवा, थर पुन्हा स्वच्छ होतो. मार्करच्या पट्ट्यांवर मात्र नको, ते आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा.

‘पीयू शिकवायला हवं होतं’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. पाण्याला पीयू जास्त टिकतं, हे खरं, आणि तुम्ही पावसात बाण सोडणार असाल तर तेच घ्या. पण पीयूवर चूक झाली तर सगळं घासावं लागतं. पहिल्यांदा शिकणाऱ्याला चूक सुधारता आली पाहिजे, म्हणून आम्ही लाख वापरतो. हा निर्णय मी बदलणार नाही.

पिसांचं मात्र मनावर घ्या. पांढरा फेव्हिकॉल ओलाव्याने सैल होतो. पिसाच्या पुढच्या टोकाला दोऱ्याचे आठ-दहा वेढे घट्ट द्या आणि त्यावर पॉलिशचा थेंब सोडा. ते टोक उचललेलं राहिलं तर बाण सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतं. तोवर ते दोन बाण सोडू नका.

सहाही बाण घेऊन या. आपण बसून नीट करू, पैसे लागणार नाहीत. येताना प्रत्येक काडी थोडी वाकवून तडा आहे का ते पाहा. तडा असेल तर ती इथे बदलून देतो.