तेहतीस इंचांचं खूळ

परवा रात्री अकराला बहिणीचा फोन आला तेव्हा पहिला विचार आईचाच आला. तसं काही नव्हतं. "तुझा भाचा गॅरेजमधल्या बारला लोंबकळतोय," ती म्हणाली. "वीस मिनिटं झाली. हात लांब करायचेत म्हणे."

भाचा सोळा वर्षांचा. डॅलसजवळच्या एका शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळतो, ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हातून चेंडू सुटेपर्यंत त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांना जे पाच धिप्पाड गडी थोपवून धरतात, ती ही लाइन. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, कडेला टॅकल. पोरांच्या फोनवर सध्या एक यादी फिरते आहे, ‘एनएफएलचे स्काउट लाइनमन कसा निवडतात : सहा नियम’. एनएफएल म्हणजे या खेळाची व्यावसायिक लीग, आणि स्काउट म्हणजे तिच्या संघांसाठी खेळाडू हेरणारे. ती भाच्याकडे आली, त्याच्याकडून दाजींकडे गेली, आणि दाजींनी ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खाली प्रश्न, "आपला गडी बसतो का यात?" सांगलीच्या काकांनी लगेच अंगठा दिला. कशाला दिला ते त्यांनाही ठाऊक नसेल.

सहा नियम थोडक्यात असे. एक, हात ३३ इंचांपेक्षा आखूड असेल तर टॅकल होणे नाही. दोन, ४० यार्ड ५.१ सेकंदांच्या आत पळता आले पाहिजेत. तीन, २२५ पौंडांचा बेंच प्रेस तीस वेळा. चार, सतराव्या वर्षी वजन ३०० पौंड हवं, नाहीतर खेळ बदला. पाच, पहिल्या फेरीत घेतलेला लाइनमन फसत नाही. सहा, लाइनमनला डोकं लागत नाही.

मी स्काउट नाही. पण क्लीव्हलंडजवळ राहून इतकी वर्षं तिथल्या ब्राउन्स संघाचे सामने पाहिलेत, आणि ज्याचा संघ २०१७ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरलेला आहे तो माणूस ड्राफ्टशिवाय, म्हणजे एप्रिलात संघ पाळीपाळीनं, फेरीफेरीनं कॉलेजातले खेळाडू निवडतात त्याशिवाय, दुसरं काय बघणार? आमच्याकडे दिवाळी एप्रिलातच असते.

तर पहिला नियम. कारण लोंबकळणं तिथून सुरू झालंय.

आधी मोजमापच चुकलंय. चिरंजीवांनी आईच्या शिवणाच्या टेपनं काखेपासून मनगटापर्यंत हात मोजला, शिंपी बाहीचं माप घेतो तसा, आणि आकडा बघून जेवण सोडलं. कम्बाइनमध्ये, म्हणजे इंडियानापोलिसला दरवर्षी ड्राफ्टआधी पोरांची जी तपासणी होते तिथे, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. मी व्हिडिओ कॉलवर बहिणीला नीट मोजायला लावलं. बत्तीसच्या जरा वर भरला. आणि लोंबकळून हाड लांब होत नाही रे बाबा. खांदा तेवढा दुखेल.

आता ३३ या आकड्याकडे या. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, टॅकल विल कॅम्बल याच्या हातावरून महिनाभर काथ्याकूट झाला. कम्बाइनमध्ये त्याचा हात भरला ३२ इंच आणि वर पाच अष्टमांश. काही आठवड्यांनी त्याच्या कॉलेजात पुन्हा मोजला तेव्हा भरला बरोबर ३३. माणूस तोच, हात तोच. फरक एका सेंटीमीटरपेक्षाही कमी. म्हणजे या नियमाप्रमाणे कॅम्बल इंडियानापोलिसमध्ये टॅकल नव्हता आणि लुइझियानात होता. जी पट्टी कोण धरतो यावर उत्तर बदलतं, तिच्यावर पोराचं भविष्य टांगायचं? न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी दोन्ही आकडे समोर असताना त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि डाव्या टॅकललाच उभं केलं. त्याचा एखादा सामना वाईट गेला की पुन्हा हाताचीच चर्चा होते, ते वेगळं.

पण कॅम्बल राहू द्या, तो नवा आहे. माझा खरा साक्षीदार आमच्या गावचा. ज्यो थॉमस. २००७ मध्ये ब्राउन्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतला. ड्राफ्टच्या दिवशी न्यूयॉर्कला सूट घालून बसायचं सोडून हा वडिलांबरोबर मिशिगन सरोवरावर मासे धरत होता. त्याचा हात साडेबत्तीस इंच. यादीप्रमाणे नापास. पहिल्या सामन्यापासून ऑक्टोबर २०१७ पर्यंत तो लागोपाठ १०,३६३ स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव म्हणजे स्नॅप) डाव्या टॅकलला खेळला, मधे एकही न चुकवता. संघ हरत होता, प्रशिक्षक बदलत होते, मागे वीसेक क्वार्टरबॅक येऊन गेले, हा मात्र तिथेच. पहिले दहाही हंगाम प्रो बोल, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेम. शेवटी तो थांबला तो हातामुळेच, पण लांबी कमी पडली म्हणून नाही, ट्रायसेप्स फाटला म्हणून.

तो काय करायचा ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. समोरच्याचा हात छातीला लागायच्या आत त्याचे पाय जागेवर पोचलेले असायचे. मागे सरकताना कमरेतून वाकायचा नाही, गुडघ्यातून बसायचा. दोन्ही हात एकदम फेकायचा नाही. एक दाखवायचा, दुसरा मारायचा. आजोबा मला लहानपणी तालमीत घेऊन जायचे. तिथे वस्ताद कडेला बसून पोरांचे पायच बघत असायचे. ठाण कसं आहे, धक्का बसल्यावर टाच उचलते का, तोल गेला तर सावरतो कसा. कुणाच्या दंडाला टेप लावलेली मी तरी पाहिली नाही. स्काउट फिल्म बघताना पहिल्यांदा हेच बघतो.

तालमीवरून स्टीफन नील आठवला. १९९९ चा फ्रीस्टाइल कुस्तीतला जगज्जेता. कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही, पण पेट्रियट्सनी हाताशी धरला आणि तो त्यांचा उजवा गार्ड झाला. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या पुढे उभा राहायचा.

बरं, अर्धं खरं आहे ते कबूल करतो. लांब हात कामाला येतोच. कडेनं येणारा गडी वेगात असतो. ज्याचा हात आधी पोचतो त्याचा धक्का आधी बसतो, आणि चुकलं तर सावरायला लांब हाताच्या माणसाला जागा मिळते. आखूड हाताच्याला पायांनी ती भरपाई करावी लागते, दर वेळी, साठ-सत्तर स्नॅप. म्हणून नॉर्थवेस्टर्नचा पीटर स्कोरॉन्स्की, हात सव्वाबत्तीस, कॉलेजात टॅकल असून टेनेसीत गार्ड झाला. नोटर डेमचा झॅक मार्टिनही तसाच ३३ च्या आतला, डॅलसनं त्याला गार्ड केला. पण स्कोरॉन्स्की ११ वा निवडला गेला आणि मार्टिन १६ वा. मार्टिन तर त्याच्या पिढीतला सर्वोत्तम गार्ड. ‘टॅकल होणे नाही’चा अर्थ एवढाच असेल तर रडायचं कशाला?

शिवाय या आकड्यात एक लबाडी आहे. आखूड हाताच्या पोराला संघ पहिल्याच दिवशी गार्डकडे सरकवतात, टॅकलवर संधीच देत नाहीत. मग काही वर्षांनी कुणीतरी मोजदाद करतं की बघा, आखूड हाताचे टॅकल किती कमी! दारावर उंची बघूनच आत सोडायचं आणि मग म्हणायचं, आत सगळे उंचच कसे.

आता चौथा नियम, आणि इथे मला खरंच राग आला. सतराव्या वर्षी ३०० पौंड. १३६ किलो! फोन ठेवता ठेवता बहीण म्हणाली, पोरगा दिवसाला चार शेक पितोय, पावडरचा डबा कुठून आणला ते सांगत नाही. आई सध्या तिच्याकडेच आहे, आणि तिला आयुष्यभर असाच नियम हवा होता. ती वरून डिंकाचे लाडू देतेय. पोराचं वजन दोन महिन्यांत तेरा किलोंनी वाढलंय आणि जिना चढला की धापतोय. यादी लिहिणाऱ्याला ते दिसणार नाही.

हा नियम नुसता घातक नाही, धादांत खोटाही आहे. फिलाडेल्फियाचा लेन जॉन्सन ज्युनियर कॉलेजात क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक! मग टाइट एंड (लाइनच्या कडेला उभा राहून पासही झेलणारा), मग ओक्लाहोमात टॅकल, आणि २०१३ मध्ये चौथी निवड. त्याच संघाचा जेसन केल्सी सिनसिनाटीला शिष्यवृत्तीशिवाय रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, म्हणून गेला. तिथून बचावातला लाइनबॅकर, तिथून लाइन. कम्बाइनला आला तेव्हाही २८० पौंडांचा, म्हणजे ड्राफ्टच्या वयातसुद्धा यादीच्या सतराव्या वर्षात नापास. २०११ मध्ये सहाव्या फेरीत १९१ वा गेला आणि सहा वेळा पहिल्या ऑल-प्रो संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांच्या यादीत, आला. जेसन पीटर्सही टाइट एंडच, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नाही, नऊ वेळा प्रो बोल. मोठ्या कॉलेजात आहारतज्ज्ञ असतात, डॉक्टर असतात, तीन-चार वर्षं असतात. सोळाव्या वर्षी प्रशिक्षकाला हवे असतात पाय, उंचीची हाडं आणि शिकायची तयारी. वजन नंतर चढवता येतं.

आणि आकड्यांमागे धावून काय होतं ते बघायचं तर १९८९ चा ड्राफ्ट बघा. ग्रीन बे पॅकर्सनी दुसऱ्या क्रमांकावर टोनी मँडरिच घेतला. मिशिगन स्टेटचा टॅकल, तीनशे पौंडांवर वजन, ४० यार्ड ४.६५ सेकंदांत पळाल्याची आणि २२५ पौंड ३९ वेळा उचलल्याची ख्याती. मासिकाच्या मुखपृष्ठावर उघड्या अंगानं झळकला. या यादीचा कर्ता त्याला मिठी मारेल. त्या ड्राफ्टमधल्या पहिल्या पाचांतले बाकीचे चार म्हणजे ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डियॉन सँडर्स. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये. मँडरिचला पॅकर्सनी चार वर्षांत सोडलं. पुढे इंडियानापोलिसला येऊन तो बऱ्यापैकी खेळला, तेवढं श्रेय त्याला. कॉलेजात स्टेरॉइड घेत होतो हे त्यानं २००८ मध्ये स्वतःच कबूल केलं. दाजी, हा परिच्छेद दोनदा वाचा आणि मग तो डबा शोधा.

पाचव्या नियमाचं उत्तरही यातच आलं. वर आणखी एक. फिलाडेल्फियाचा जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. २०१८ मध्ये सातव्या फेरीत २३३ वा निवडला गेला तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच संघाचा डावा टॅकल म्हणून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

दुसरा आणि तिसरा नियम एकत्रच उरकतो. २०१८ च्या कम्बाइनमध्ये ऑर्लंडो ब्राउन ज्युनियर ४० यार्ड ५.८५ सेकंदांत पळाला, बेंच प्रेस चौदा. लोक हसले. (याचा बाप आमच्या ब्राउन्सचाच टॅकल.) तिसऱ्या फेरीत ८३ वा घसरला, चार वेळा प्रो बोलला गेला आणि कॅन्सस सिटीबरोबर सुपर बोलही जिंकला. त्याचे हात ३५ इंचांचे आहेत, हे मी दडवत नाही. उलट टेरॉन आर्मस्टेड २०१३ मध्ये ४.७१ पळाला, तोही पुढे उत्तम टॅकल झाला, पण संघांनी त्याला तिसऱ्या फेरीपर्यंत थांबवलं. म्हणजे घड्याळावर खुद्द संघांचाही तेवढा भरवसा नाही. लाइनमन सरळ चाळीस यार्ड पळतो कधी? कुणीतरी चेंडू हिसकावून पळाला तर. पहिली दहा यार्डं किती वेळात, ते मात्र बघतात, आणि ते योग्यच आहे.

सहावा नियम. कम्बाइनमधली वंडरलिक नावाची लेखी चाचणी २०२२ पासून बंद झाली, त्यावरून कुणीतरी हा निष्कर्ष काढला असावा. स्नॅपच्या आधी सेंटर समोरचा बचाव वाचून कुणी कुणाला धरायचं ते ओरडून सांगतो. समोरचे दोघे मधेच जागा बदलतात तेव्हा गार्ड आणि टॅकलनं एका क्षणात गडी अदलाबदल करायचा असतो. डोकं लागत नाही म्हणे.

काल रात्री मी भाच्याला त्याच्या गेल्या हंगामातल्या क्लिपा पाठवायला सांगितल्या. "मामा, हात आखूड दिसतात त्यात," तो म्हणाला. पाठवल्या तरी. पहिल्या दोनांत ठीक आहे. तिसऱ्यात कमरेतून वाकतोय, डोकं पुढे जातंय, आणि समोरचा पोरगा त्याला ओढून बाजूला टाकतोय. ते त्याला दाखवलं. आज शाळा सुटल्यावर त्यावर काम करणार आहे. बार दाजींनी काढून ठेवलाय. डबा अजून सापडलेला नाही.