लहान साइझ घेतला म्हणून कपड्याची पाठ आखूड होत नाही

भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र मापकोष्टक, म्हणजे तयार कपड्यांच्या साइझचा तक्ता, हवे, असा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे येतो आणि थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा फिरवला जातो. त्याचा आशय असा : बाईचे शरीर जगात सगळीकडे सारखेच असते, फरक असतो तो जाडीचा आणि उंचीचा, म्हणून परदेशी मापाचा कपडा मोठा वाटला तर एक साइझ लहान घ्यावा, त्या देशांतले तक्ते शास्त्रशुद्ध मोजणीतून आलेले आहेत, मग आपण नव्याने मोजायचे कशाला, शिवाय आता ताणणारे कापड आहे आणि शिंपीही आहे, तरीही कपडा बसत नसेल तर बाईने वजन कमी करावे, आणि भारतात विविधता इतकी आहे की एक ‘भारतीय माप’ निघणेच अशक्य. मी बरीच वर्षे कपड्यांचे कटिंग करते आहे आणि यातले जवळजवळ प्रत्येक विधान टेबलावर कापड पसरल्यावर कसे कोसळते ते पाहिलेले आहे, म्हणून एकेका मुद्द्याचे उत्तर देते.

‘एक साइझ लहान घ्या’ हा सल्ला सर्वांत जास्त पटणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे, कारण त्यात साइझ म्हणजे कमी-जास्त होणारी एकच राशी आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कपडा बसतो तो अनेक मापांच्या परस्पर प्रमाणावर. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची पाठ, खांद्याची रुंदी, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईची, खोली, खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर, बाहीची लांबी, आणि छाती, कंबर व नितंब यांच्या घेरांमधला फरक, ही सगळी मापे एकमेकांबरोबर सारख्या गतीने वाढत नाहीत. जर्मन मापपद्धतीत स्त्रियांचे नेहमीचे साइझ १६८ सेंटीमीटर उंची धरून आखलेले असतात. जगभरच्या उंचीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार १९९६ साली जन्मलेल्या भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५३ सेंटीमीटर आहे. हा १५ सेंटीमीटरांचा फरक फक्त पायांत नसतो. तो पाठीत, दंडात आणि मुंढ्यातही विभागलेला असतो.

आता १५३ सेंटीमीटर उंचीच्या, पण छातीचा घेर ९२ आणि कमरेचा ८२ सेंटीमीटर असलेल्या स्त्रीने छातीच्या मापाने असा जर्मन मापाचा कपडा घेतला, तर त्याची कंबर तिच्या कमरेच्या तीन-चार सेंटीमीटर खाली, म्हणजे नितंबांच्या चढावर येऊन अडते आणि पाठीवर आडव्या चुण्या पडतात. टक्सचे, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या दुमडलेल्या शिवणीचे, टोक छातीच्या खाली उतरते. मुंढा खोल असल्यामुळे हात वर केला की सगळा कपडा वर खेचला जातो. एक साइझ लहान घेतला तर काय होते, हे समजण्यासाठी तयार कपड्यांचे साइझ कसे काढतात ते पाहावे लागेल. आधी एका मधल्या मापाचा नमुना कापून बसवला जातो आणि मग प्रत्येक साइझसाठी त्याच्या ठरावीक जागा ठरावीक अंतराने पुढे-मागे सरकवल्या जातात. या सरकवण्यात घेर एका साइझला साधारण चार-पाच सेंटीमीटर बदलतो, पाठीची लांबी मात्र काही मिलिमीटरच बदलते. त्यामुळे लहान साइझ घेतल्यावर पाठ जवळजवळ तेवढीच लांब राहते, आणि छाती मात्र आवळते, बटणांच्या मध्ये फटी पडतात, काखेत कापड रुतते. म्हणजे पहिला दोष तसाच ठेवून दुसरा पदरात घ्यायचा, एवढेच या सल्ल्याने साधते.

शरीरे सगळीकडे सारखी असती तर जपानला स्वतःचा तक्ता करण्याची गरज पडली नसती. जपानच्या राष्ट्रीय मानकात स्त्रियांची नेहमीची उंची १५८ सेंटीमीटर धरली आहे आणि तिच्या अलीकडे-पलीकडे १५०, १६६ असे वेगळे गट आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, छातीचा घेर तोच ठेवून नितंबांच्या मापावरून शरीराचे चार प्रकार मानले आहेत : एक सर्वसाधारण, एक त्याहून चार सेंटीमीटर कमी, एक चार जास्त आणि एक आठ जास्त. आपल्याकडे कुर्त्याच्या बाजूच्या फटी नितंबांवर फाकतात आणि खांदे मात्र ओघळतात, अशी तक्रार करणाऱ्या स्त्रीला नेमकी हीच सोय हवी असते. ती अधिक मोठी किंवा अधिक लहान नसते. तिचे प्रमाण वेगळे असते, आणि एस-एम-एलच्या एकाच ओळीत प्रमाणासाठी जागाच नसते.

परदेशी तक्ते शास्त्रशुद्ध मोजणीतून आले, हा दुसरा मुद्दा अर्धवट खरा आहे आणि उरलेला अर्धा भाग जाणून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या कृषी विभागातर्फे १९३९-४० साली रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० स्त्रियांची मोजणी केली. प्रत्येकीची ५९ मापे घेण्यात आली, आणि इतक्या कष्टांबद्दल त्या कामाविषयी मला आदर आहे. परंतु मोजल्या गेलेल्या गौरेतर स्त्रियांची मापे अंतिम हिशेबातून वगळण्यात आली. १९५८ साली तिथे स्त्रियांच्या मापांचे जे मानक जाहीर झाले, ते मुख्यतः याच मोजणीवर उभे होते, आणि १९८३ साली ते मागेही घेण्यात आले. पुढे नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाने सहा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या शरीराच्या स्कॅनचा अभ्यास केला, तेव्हा उद्योग ज्या आकारावर कपडे बेतत होता तो वाळूच्या घड्याळासारखा बांधा जेमतेम ८ टक्के स्त्रियांत आढळला. ४६ टक्के स्त्रियांचा बांधा छातीपासून नितंबांपर्यंत जवळजवळ सरळ होता. जो तक्ता ज्यांच्यासाठी बनला त्यांनाच नीट लागू पडत नाही, तो आपल्या स्त्रियांनी निमूटपणे स्वीकारावा असे म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही.

मोजणी एकदा करून संपतही नाही. उंचीच्या त्याच आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले की दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटीमीटरांनी वाढली. त्या देशाने १९७९ पासून आपल्या लोकांची मापे काही वर्षांच्या अंतराने पुन्हापुन्हा घेतली आहेत. आई आणि मुलगी यांचे बांधे जिथे इतके वेगळे निघतात, तिथे दुसऱ्या खंडातला जुना तक्ता कायमचा पुरेल ही अपेक्षा करणेच चूक आहे.

ताणणाऱ्या कापडाचे उत्तर थोडक्यात देता येते. इलॅस्टेनचा धागा कापडाला घेरात वाढवतो; खांदा किंवा कमरेची रेषा योग्य जागी आणत नाही. साधे सुती कापड, हातमाग, खादी, गणवेशाचे जाड कापड यांत तो धागा बहुधा नसतोच, आणि दिवसभर आवळून बसणारा कपडा हा बसणारा कपडा नव्हे.

शिंप्याचा मुद्दा मात्र मनापासून मांडलेला असतो, कारण आपल्या पिढ्यान्‌पिढ्या मापाचा ब्लाउज देऊन कपडे शिवून घेत आल्या. पण शिंपी आतून दोन बोटे माया सोडतो, म्हणून तो कपडा पुढे उसवून सैल करता येतो. तयार कपड्यात ओव्हरलॉक करताना, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कड यंत्रावर शिवताना, ती कड कापली जाते आणि शिवणीत जेमतेम सेंटीमीटरभर कापड उरते. तो कपडा आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही. आणि एकदा खोल कापलेला मुंढा कोणताही शिंपी वर उचलू शकत नाही. शिवाय ज्यांना कपडा निवडण्याची मुभाच नाही त्यांचे काय? पोलीस दलातील स्त्रिया, परिचारिका, कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या कामगार यांना जो गणवेश मिळतो तो घालावा लागतो. सैल बाही यंत्रात अडकू शकते आणि खांद्यावरून घसरणारा सुरक्षेचा पट्टा सुरक्षा देत नाही. त्यांना ‘अल्टर करून घ्या’ असे सांगणे म्हणजे आपल्या चुकीचा खर्च त्यांच्या पगारातून वसूल करणे आहे.

वजन कमी करण्याच्या सल्ल्याबद्दल मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. वजन उतरले तरी हाडांची लांबी, खांद्यांची रुंदी आणि पाठीचा बाक बदलत नाहीत. बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या काळात कमरेचे माप बदलणे हे शरीराचे नेहमीचे वागणे आहे, बेशिस्त नव्हे. आरोग्याचा सल्ला डॉक्टरने द्यावा. तो कपड्याच्या लेबलाने, तेही चुकीच्या तक्त्यावरून, देऊ नये. कितीतरी मुली ट्रायल रूममधून बाहेर येताना स्वतःच्या शरीराला दोष देतात, तेव्हा दोष कागदावरच्या एका आखणीत असतो, आणि ती आखणी दुरुस्त करता येते.

राहिला विविधतेचा मुद्दा. भारतातल्या स्त्रियांचे बांधे एकमेकींपासून फार वेगळे आहेत हे खरेच आहे. पण त्यावरून मोजणी निरुपयोगी ठरत नाही, उलट अंदाजाने काम भागणार नाही एवढेच सिद्ध होते. एक सरासरी बाई काढून तिच्यावर कपडे बेतावेत असे कोणीही म्हणत नाही. १९४५ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात सरासरी मापांच्या एका पुतळ्याशी जुळणारी स्त्री शोधण्याची स्पर्धा झाली, तेव्हा ३,८६४ स्त्रियांपैकी एकीचीही नऊच्या नऊ मापे जुळली नाहीत. मापकोष्टकाचे काम म्हणजे मोठ्या लोकसंख्येतले वारंवार आढळणारे बांधे शोधणे आणि कमीत कमी साइझमध्ये जास्तीत जास्त जणींना सामावणे. स्पेनने २००७-०८ मध्ये दहा हजारांहून अधिक स्त्रियांची मापे घेतली आणि त्यांतून शरीराचे तीन ठळक प्रकार सांगितले. चीनसारख्या अवाढव्य देशाच्या मानकात छाती आणि कंबर यांच्या फरकावरून चार गट केलेले आहेत. हे तिथे जमले, तर इथे अशक्य का असावे?

आपल्याकडे हे काम २०१८ साली जाहीर झाले. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांच्या ‘इंडियासाइझ’ प्रकल्पात १५ ते ६५ वयोगटातील २५,००० स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मापे घेण्याची योजना होती, आणि त्यासाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग ही सहा शहरे निवडण्यात आली. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे की न बसल्यामुळे परत पाठवल्या जाणाऱ्या, कपाटात पडून राहणाऱ्या आणि उसवून वाया जाणाऱ्या कपड्यांचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो. माझा आक्षेप असलाच तर तो उलट बाजूचा आहे. सहा शहरांत बहुतेक शहरी स्त्रियाच मोजल्या जाण्याची शक्यता अधिक, आणि वाकून लावणी करणाऱ्या किंवा डोक्यावर ओझे वाहणाऱ्या स्त्रीचे खांदे आणि दंड त्या हिशेबात कमी पडतील. स्कॅनरसमोर शरीर स्थिर उभे असते. बसल्यावर नितंबांचा घेर किती वाढतो, हात वर केल्यावर पाठ किती ताणली जाते, हे वेगळे मोजावे लागते. यातून येणारा तक्ता सर्वांना खुला असावा, म्हणजे मोठ्या कंपनीइतकाच चार शिलाई यंत्रे चालवणाऱ्या बचत गटालाही तो वापरता येईल. आणि त्या तक्त्यावर बेतलेल्या कपड्याच्या लेबलावर नुसते ‘एल’ न छापता छाती ९२, कंबर ८२, नितंब ९८, उंची १५४ असे सेंटीमीटरमधले आकडे छापावेत.