आधी महिना पाहावा, मग फूल निवडावे

लग्नाच्या सजावटीची बोलणी सुरू झाली की हल्ली सर्वांत आधी मोबाइलमधला फोटो पुढे येतो. त्यात बहुधा हायड्रेंजिया, पिओनी किंवा ऑर्किड असतात. मुहूर्ताच्या महिन्यात आपल्या भागात काय फुलते, हे मात्र कोणी विचारत नाही. हा क्रम बदलायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि नेमकी त्याच सुमारास शेवंती भरात असते. रात्र लांबू लागली की शेवंती कळी धरते, त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात ती उघड्या शेतात कोणत्याही कृत्रिम सोयीशिवाय मुबलक येते. दसरा-दिवाळीची मागणी ओसरल्यावर झेंडूचे भाव तर इतके पडतात की तोडणीची मजुरीही सुटत नाही आणि शेतकरी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवतो. त्याच दिवसांत मांडवात थायलंडहून विमानाने आलेले ऑर्किड मिरवावे, हे मला पटत नाही.

वैशाखातले लग्न असेल तर मोगऱ्याला तोड नाही. पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड-जव्हारच्या आदिवासी शेतकऱ्यांनी हे पीक मेहनतीने वाढवले आहे आणि तिथला मोगरा दादरच्या फुलबाजारात येतो. पहाटे तोडलेली कळी संध्याकाळी उमलते, त्यामुळे पाहुणे येऊ लागतात त्याच वेळी मांडवात सुगंध भरतो. हायड्रेंजियाला असा वास नाही, शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात पाणी कमी पडले की ती काही तासांत मान टाकते. लांबच्या प्रवासात टिकावेत म्हणून पैदास केलेल्या बऱ्याच गुलाबांचाही सुगंध हरवला आहे.

स्थानिक फुले म्हणजे तेच ते झेंडूचे तोरण, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. माघातल्या लग्नात करडईची केशरी फुले, हुरड्याच्या दिवसांतली ज्वारीची कणसे आणि पांढरी शेवंती एकत्र मांडून पाहावी. हा आक्षेप आपोआप गळून पडेल.

फुले खोचण्यासाठी वापरला जाणारा हिरवा फोमही टाळावा. तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचे प्लास्टिक आहे. त्याचा भुगा होतो, पण तो कुजत नाही. घड उतरवल्यावर केळीचे खोड तसेही तोडावे लागते, आणि त्याच्या ओल्या तुकड्यात खोचलेल्या काड्या समारंभ संपेपर्यंत सहज ताज्या राहतात.

बोलणी करताना डेकोरेटरला फुलाचे नाव न सांगता रंग आणि सुगंध सांगावा, आणि नेमके फूल त्याने आदल्या दिवशी पहाटे बाजारात पाहून ठरवावे, एवढी मोकळीक त्याला आधीच द्यावी.