अंगाच्या उष्णतेवर मोबाइल चार्ज होत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माणसाचं शरीर 100 वॅट उष्णता बाहेर टाकतं, मनगटावरच्या पट्ट्याने तिच्यावर मोबाइल चार्ज होतो, कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने ते करून दाखवलंय, आपल्या उष्ण देशात तर हे आणखी सोपं, पण कंपन्या हे तंत्रज्ञान दाबून ठेवतात. विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधणारी मुलं असल्या मेसेजवर भरवसा ठेवतात आणि नंतर हिरमुसतात, म्हणून हे लिहितोय.

100 वॅटचा आकडा खरा आहे, पण तो अख्ख्या शरीराचा. त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला जेमतेम 5 मिलिवॅट येतात. त्यातली वीज किती होणार, हे तापमानातल्या फरकावर ठरतं. शरीर 37 अंश आणि खोली 20 अंश धरली, तर सिद्धांतानुसारच साडेपाच टक्क्यांच्या वर जाता येत नाही.

प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही आणि खरी मेख इथेच आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पेल्टिअर प्लेट, म्हणजे दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की वीज देणारी चकती, सहज मिळते, 4 सेंटिमीटरची चौकोनी. तिच्या तारा मल्टीमीटरला जोडा आणि वर तळहात दाबून धरा. आकडा झटकन वर चढतो, दोन आकडी मिलिव्होल्टपर्यंत, आणि लगेच उतरायला लागतो, कारण पलीकडची बाजूही तापत जाते. तापमानातला बहुतेक फरक त्वचा आणि हवेच्या थरातच संपतो. प्लेटच्या दोन बाजूंमध्ये एखाद-दुसरा अंश उरतो. मागे हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा, लावला की आकडा बराच टिकतो, पण पट्टा जाडजूड होतो. एवढं करून चौरस सेंटिमीटरला साधारण 20 मायक्रोवॅट हाती लागतात. 30 चौरस सेंटिमीटरचा पट्टा धरा, मोबाइलची 19 वॅट-तासांची बॅटरी धरा: एकदा पूर्ण चार्ज व्हायला साडेतीन वर्षं.

कॅनडाची मुलगी खरी आहे. ॲन माकोसिन्स्कीने 2013 च्या गूगल सायन्स फेअरमध्ये तळहाताच्या उष्णतेवर चालणारा टॉर्च मांडला. नळी आतून पोकळ ठेवून तिने प्लेटची दुसरी बाजू हवेने थंड राखली. अडचण नेमकी ओळखून काढलेला हा उपाय मला फार आवडतो. पण तो एलईडी टॉर्च होता, चार्जर नव्हे.

उष्ण देशाचा मुद्दा तर साफ उलटा. हवा अंगाइतकीच गरम झाली की फरकच उरत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा 45 वर गेला की उष्णता बाहेरून अंगाकडे येऊ लागते.

आणि दाबून ठेवलं म्हणाल, तर सेको या जपानी घड्याळ कंपनीने 1998 मध्येच अंगाच्या उष्णतेवर चालणारं ‘थर्मिक’ घड्याळ बाजारात आणलं होतं. क्वार्ट्झ घड्याळाला मायक्रोवॅटच्या घरातली वीज पुरते. अधूनमधून तापमान किंवा नाडी मोजून पाठवणारे छोटे सेन्सर, हे या विजेचं खरं क्षेत्र.

प्रकल्प करायचाच असेल तर तीच प्लेट घ्या. हीटसिंक लावून आणि काढून, पंख्याखाली आणि बंद खोलीत, दर मिनिटाला व्होल्टेज टिपा आणि आलेख काढा.