पोकळ भिंत म्हणजे कच्ची भिंत नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रॅट-ट्रॅप बांधणीवरचा, म्हणजे मधे पोकळी ठेवून विटांची भिंत रचण्याच्या पद्धतीवरचा माझा लेख वाचून तुम्ही वेळ काढून परखड लिहिलंत, त्याबद्दल आभार. गावी आईवडिलांसाठी घर बांधायचं ठरवलंय म्हणता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप असे: पोकळ भिंत कच्ची असते, भूकंपाच्या पट्ट्यात तर नकोच, गिलाव्याशिवाय घर अर्धवट दिसतं, असं काम जाणणारा गवंडी मिळत नाही, आणि लहान घराचं कौतुक ज्यांना मोठं परवडतं तेच करतात.

आधी भिंतीचं बोलू. नेहमीच्या कामात वीट आडवी बसते, इथे ती कडेवर उभी करतात. ९ इंची भिंतीत ३ इंच वीट बाहेरच्या अंगाला, ३ इंच आतल्या अंगाला, मधे ३ इंच पोकळी. आणि प्रत्येक जोडीनंतर एक वीट आरपार. जाडी तेवढीच राहते, पण विटा साधारण चौथ्या हिश्शाने कमी लागतात आणि मसालाही बराच वाचतो. एक मजली घराचा भार चांगल्या विटेच्या ताकदीपुढे किरकोळ असतो. जिथे तो एकवटतो तिथे, म्हणजे जोत्याला, खिडकीच्या तळाला, लिंटेलखाली (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईखाली), चौकटींच्या कडांना, काम भरीवच करतात. शिवाय कोंडलेल्या हवेमुळे दुपारचं ऊन आत यायला वेळ लागतो, हा फायदा वेगळाच.

भूकंपाचं म्हणाल तर ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारी आठवा. तिथल्या घरांच्या भिंती काही बारीक नव्हत्या. चांगल्या रुंद, दगडमातीच्या, वर मातीचं जड धाबं. पण बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादरा बसला तशा भिंती मधोमध फाटल्या आणि धाबं माणसांवर आलं. म्हणजे नुसती जाडी वाचवत नाही, बांधून ठेवणं वाचवतं. रॅट-ट्रॅपमधे आरपार वीट थराथरात असते. अर्थात तेवढ्यावर भागत नाही. भूकंपप्रवण भागात जोत्याला आणि लिंटेलला काँक्रीटचा सलग पट्टा, कोपऱ्यांच्या पोकळीत उभी सळई आणि तिच्याभोवती काँक्रीट, हे हवंच, आणि त्याचं डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्या. यात काटकसर करू नका.

गिलावा ही सवयीची गोष्ट आहे. तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार कमी खर्चाच्या बांधकामासाठी ओळखले जाणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी १९७०च्या दशकात उघड्या विटांतच बांधलं आणि केरळचा पाऊस काही आपल्यापेक्षा हलका नाही. छप्पर पुरेसं बाहेर काढायचं आणि दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, नीट भरायच्या. मात्र एक अट कडक आहे: वीट भाजलेली, सारख्या मापाची हवी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. आपल्याकडच्या बऱ्याच भट्ट्यांची वीट यात नापास होते आणि तशी वीट असेल तर हा नाद सोडावा असं मी स्वतः सांगतो. कोकणात तर विटेचा आग्रहच नको. तिथे जांभ्याचा चिरा दाराशी मिळतो. बेकरांचा आग्रहही जवळ मिळेल त्याच मालाने बांधण्याचा होता.

आता लहान घराचं. तुमचा हा आक्षेप मला सगळ्यात लागला, कारण त्यामागची चीड खरी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं वाढलेल्या घरातल्या कुणाला मी 'लहान घरात सुख असतं' असं कधीच सांगणार नाही. पण प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान माप २५ चौरस मीटर आहे, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. त्या कुटुंबाने लहान घर हौसेने निवडलेलं नाही. त्यांच्या भिंतीत चौथा हिस्सा विटा वाचल्या, तर त्या पैशात पुढे ओटा आणि पडवी निघू शकते. गावात धान्य निवडणं, पाहुण्यांचं बसणं, उन्हाळ्यातली झोप हे सगळं तिथेच चालतं. खिडकीखालीच बांधीव बैठक केली तर पलंगाची जागा मोकळी होते. लहान घर नीट बांधणं ही श्रीमंतांची हौस आहे असं म्हणून सोडून दिलं, तर ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोचणारच नाही.

गवंड्याची अडचण खरी, पण सुटणारी. चांगल्या गवंड्याला हे काम अवघड नाही, फक्त हात सवयीने मसाला सगळीकडे पसरतो आणि तो पोकळीत पडत राहतो. त्यासाठी ३ इंच रुंदीची लाकडी पट्टी पोकळीवर ठेवायची, दोन्ही कडांना मसाला लावायचा, पट्टी पुढे सरकवायची. घराच्या आधी त्याच्याकडून कुंपणाची कमरेएवढी भिंत बांधून घ्या. ओळंबा आणि दरजा पाहून तुम्हालाच कळेल त्याला घर द्यायचं की नाही. आणि आराखडा झाला की खिडक्या कुठल्या दिशेला काढताय ते इथेच लिहा, त्यावर बोलू.