झडती घेणारा कोण?

ताई, सलाम. रोज रात्री स्वतःला प्रश्न विचारून आत्मपरीक्षण करावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा झोंबली, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. आज पुन्हा वाचली.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोज रात्री स्वतःला प्रश्न विचारत बसलं की नजर ख्रिस्तावरून सुटते आणि स्वतःवरच खिळते. शिवाय बायबलमधल्या यिर्मया १७:९ प्रमाणे हृदय सगळ्यांत कपटी असेल, तर त्यालाच साक्षीला उभं करून काय हाती लागणार? आणि लेखात दिलेल्या माझ्या एकवीस प्रश्नांच्या यादीला तुम्ही 'हजेरीपट' म्हणालात.

हजेरीपट हा शब्द मान्य. खरं सांगायचं तर ती यादी मलाही दोन महिन्यांच्या वर पाळता आली नाही.

हृदयाचं मात्र थोडं वेगळं वाटतं. यिर्मयाचं पुढचंच वचन बघा. हृदय कोणाला कळतं, या प्रश्नाला तिथे परमेश्वर स्वतः उत्तर देतो: पारखणारा मी आहे. स्तोत्र १३९ ची सुरुवात 'तू मला पारखलं आहेस' अशी आहे आणि शेवट 'माझी झडती घे' असा. म्हणजे ज्याला आधीच सगळं ठाऊक आहे, त्यालाच दार उघडून आत बोलवायचं. मी प्रश्न म्हणतो ते याला. आपणच आरोपी, आपणच वकील आणि न्यायाधीशही आपणच, असा खटला चालवायचा असेल तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा.

प्रेषित पौलाचंच घ्या. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो, माझं मन मला टोचत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. न्याय करणारा प्रभू आहे. आणि त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असंही तोच सांगतो. परीक्षा करायची, पण निकाल आपण लिहायचा नाही.

तुमची भीती पोकळ नाही, हेही सांगतो. पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणारा मार्टिन लूथर तरुणपणी मठात असताना तासन्‌तास पापकबुली करायचा, तरी काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून तळमळायचा. शेवटी त्याचे वडीलधारे योहान श्टाउपित्स यांना त्याला ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ, असं सांगावं लागलं. ज्याचं मन मुळातच स्वतःला कोरत बसणारं आहे, त्याने काही काळ ही प्रश्नांची वही मिटून ठेवावी. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत. पहिली पायरी उपकारस्तुतीची, दुसरी आपलं पाप ओळखण्यासाठी कृपा मागण्याची. दिवसाची उजळणी तिसरी. मग क्षमा, मग सुधारण्याचा निश्चय. मी माझ्या यादीत थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली होती, आणि हजेरीपट झाला तो त्यामुळेच, असं आता वाटतं.

एक अनुभव. मी बरेच दिवस वहीत लिहायचो, 'आज मी प्रीतीने वागलो का?' उत्तर ठरलेलं: बहुतेक हो. (कपटी हृदय म्हणतात ते हेच असावं!) मग प्रश्न बदलला: 'आज मी कोणाचं बोलणं मध्येच तोडलं?' याला 'बहुतेक' चालत नाही, नाव लिहावं लागतं. लागोपाठ तीन रात्री एकच नाव आलं, माझ्या मोठ्या भावाचं. चौथ्या दिवशी त्याला फोन केला. तो म्हणाला, 'मला वाटलं तुला कधी कळणारच नाही.' त्यानंतर तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. सोपं गेलं नाही, दोनदा जीभ चावावी लागली.

एदेन बागेत देवाने आदामाला 'तू कोठे आहेस?' असं विचारलं, ते त्याला ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. लपलेल्याला बाहेर यायला वाट मिळावी म्हणून विचारलं, असं मला वाटतं.

तर एकवीस प्रश्नांची यादी आज काढून टाकतो आहे. सुरुवातीला उपकारस्तुती, मग प्रार्थना आणि त्यानंतर दोनच प्रश्न ठेवतो: आज कोणाचं बोलणं तोडलं, आणि आज कोणती गोष्ट देवापासून लपवावीशी वाटली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी वहीत लिहीत नाही, फक्त त्याला सांगतो.