गल्ल्याची किल्ली कुणाकडं?

नगरपालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली, आमचा वॉर्ड 'सर्वसाधारण महिला' झाला आणि दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'यशस्वी उद्योजिका, महिला सक्षमीकरणाचा बुलंद आवाज'. खाली मसालेवाल्या वहिनी हात जोडून, वर सात-आठ नेत्यांची गोल तोंडं. आमच्या माणदेशात पाऊस कमी आणि फ्लेक्स जास्त. संध्याकाळी सोसायटीच्या गोदामापुढं दुसरा विषयच नव्हता.

अण्णांनी बसल्या बसल्या निकाल लावला. "नवराच चालवणार. सही बाईची, डोकं बाप्याचं."

अण्णा उपसरपंच होते, तेव्हा सरपंच बाई होत्या आणि मीटिंगला त्यांचे यजमान येऊन बसायचे. ते अण्णा कधी सांगत नाहीत.

मास्तर म्हणाले, "1990 ला महाराष्ट्रानं 30 टक्के जागा दिल्या तेव्हाही हेच ऐकलं. पुढं घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश झाल्या, 2011 ला निम्म्या. अजून तुमचं तेच. अहो, जळगावकडं विटनेरला शेतकरी संघटनेनं सगळी पंचायत बायकांची निवडून आणली होती, आरक्षण यायच्याही आधी. संघटनेच्या शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत तिथल्या गड्यांनी जमिनीसुद्धा बायकांच्या नावावर केल्या."

"सातबाऱ्यावर?" पिंट्याला ठसका लागला. "आमच्यात बायकोचं नाव कर्जाच्या फायलीवरच निघतं."

ते खरंय. मुख्यमंत्री रोजगार निर्मितीच्या योजनेत बाईच्या नावानं प्रकरण केलं की स्वतःचे पाचच टक्के घालावे लागतात, ग्रामीण भागात सबसिडी 35 टक्क्यांपर्यंत. त्यामुळं कागदावर उद्योजिका पुष्कळ झाल्या. दुकानात गेलं की काउंटरला मिशाच.

ज्योती तोवर गाडीवरच बसून ऐकत होती. ती पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत, गोळा करते, त्यामुळं बाजारपेठेत कुणाचं काय चाललंय हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

"अण्णा, गल्ला कोण उघडतं ते मला विचारा. पाटीवर बायकोचं नाव असलेल्या दुकानात गेलं की बाई म्हणते, थांब, ह्यांना येऊ दे. वहिनींकडं तसं नाही. कानाला फोन लावून हळदीचा भाव तोडत असतात, एकीकडं नोटा मोजतात आणि माझ्या मशीनची पावती वाचल्याशिवाय मला सोडत नाहीत. मालक कांडपावर असतात. त्यांना शंभर रुपये लागले तरी ते वहिनींकडं मागतात."

अण्णांनी तंबाखू मळायला घेतली.

"मग ठरलं, मत वहिनींना," पिंट्या म्हणाला.

"थांब की. मी बाई खमकी हाय म्हणाले, बुलंद आवाज म्हणाले नाही." ज्योती गाडीवरून उतरली. "त्यांच्या शेडमध्ये जाऊन या एकदा. पोत्यावर बसून बायका मिरचीची देठं खुडतात. किलोवर पैसे. बोटांची आग होते म्हणून आधी खोबरेल चोळतात, तोंडाला फडकं, तरी शिंका थांबत नाहीत. घरी गेल्यावर लेकराला हात लावायची चोरी. मसाल्याचा भाव वर्षात कितीदा वाढला, देठांचा दर तोच. फ्लेक्सवर 'शेकडो भगिनींना रोजगार' लिहिलंय ते ह्याच बायकांचं."

"अगं, कर्ज तिनं काढलंय, जोखीम तिची," पिंट्या म्हणाला. "माल उठला नाही तर ह्या बायका हप्ता भरणार का?"

मुद्दा रास्त होता. पण मास्तरांना लिज्जत आठवलं. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि तिथं लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची मालकीण. नफ्यात वाटा, तोट्यातही. मी म्हटलं, गिरगाव कशाला, आपलं म्हसवड घ्या. माणदेशी बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला, का तर प्रवर्तक बायका निरक्षर. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो. 1997 ला बँक उभी राहिली.

"म्हणजे वहिनींनी धंदा वाटून टाकावा?" पिंट्या चिडला. "गड्याच्या कारखान्यात मजुरी कमी असली तर तो उद्योगपती. बाईनं मात्र आधी संत व्हायचं!"

ह्यावर कट्टा जरा गप्प झाला. मला स्वतःला पिंट्याचं बरोबर वाटलं, फ्लेक्स सोडून. कुठल्या गड्यानं 'मजुरांचा बुलंद आवाज' असा फ्लेक्स लावला असता, तर त्यालाही मी मजुरीच विचारली असती.

अण्णांना आता उमेद आली. नगरपालिकेच्या कंत्राटात सदस्याचे हितसंबंध निघाले तर पद जातं, हे कलम त्यांना तोंडपाठ. "उद्या पालिकेच्या कार्यक्रमाला मसाला कुणाचा जाणार? जावेच्या नावानं बिल निघणार."

"ते निघालं की बघू," ज्योती म्हणाली. "मला पालिकेच्या बजेटातल्या महिला-बालकल्याणच्या पाच टक्क्यांचं पडलंय. दरवर्षी त्याच शिलाई मशीन, तोच ब्यूटी पार्लरचा कोर्स. बाजारात बायकांना मुतारी नाही. मी सकाळी नऊला निघते, दुपारपर्यंत पाणी पीत नाही. शुक्रवारी वहिनींचं हळदीकुंकू आहे. तिथं दोनच गोष्टी विचारणार, देठांचा दर आणि मुतारी."

"भर हळदीकुंकवात?" अण्णा म्हणाले. "वाण परत घेतील."

"घेऊ देत. गेल्या वर्षीचा स्टीलचा डबा गळतोय."